उजव्या कानातली बाई

आईच्या कानात बसवायची यंत्रं सोमवारी दुपारी घरी आली आणि बुधवारी संध्याकाळपर्यंत मुक्तरावांनी ती सुधारली. 'सुधारली' हा शब्द त्यांचा. घरातल्या बाकीच्यांनी त्याच घटनेसाठी दुसरे शब्द वापरले, ते पुढे येतीलच.

मुक्तराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. ते त्यांना ऑफिसात चिकटलं. सॉफ्टवेअर हे मुक्त असलं पाहिजे, ते आतून कसं लिहिलंय हे कोणालाही उघडून बघता आलं पाहिजे, बिघडलं तर दुरुस्त करता आलं पाहिजे आणि वाटलं तर शेजाऱ्याला देता आलं पाहिजे, हे ते चहाच्या मशीनपाशी उभ्या असलेल्या कोणत्याही माणसाला, त्याने विचारलेलं नसताना, त्याचा चहा गार होईपर्यंत सांगत. 'ज्या कुलपाची किल्ली दुकानदाराकडे, ते कुलूप आपलं नव्हे,' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते स्वतः प्रोग्रामर होते. त्यांची कंपनी कर्मचाऱ्यांच्या हजेरीची यंत्रं बनवायची, आणि त्या यंत्रांतलं सॉफ्टवेअर इतकं कडेकोट बंद होतं की खुद्द मुक्तरावांनाही त्यातला निम्मा भाग बघायची परवानगी नव्हती. म्हणजे दिवसभर कुलपं घडवायची आणि संध्याकाळी घरी येऊन कुलपांविरुद्ध बोलायचं. कोणी हे तोंडावर दाखवून दिलं तर पोटासाठी माणसाला काय काय करावं लागतं, असं म्हणून ते विषय बदलत.

घरात मात्र त्यांचंच राज्य होतं. टीव्ही कंपनीच्या तावडीतून सोडवलेला होता, त्यामुळे बातम्या लावायच्या तर मांडीवर कीबोर्ड घेऊन बसावं लागे. पिवळी शाई संपली म्हणून काळी अक्षरं छापायलाही नकार देणाऱ्या प्रिंटरशी त्यांनी एक अख्खा उन्हाळा लढा दिला आणि जिंकला. तेव्हापासून प्रिंटर कुठल्याही शाईत निमूट छापायचा, फक्त पानावरची शेवटची ओळ छापायचा नाही. 'तेवढी हाताने लिहावी,' असं मुक्तरावांचं म्हणणं. दाराची बेलही त्यांनी स्वतः घडवलेली होती. ती दाराशी कोणी आलं की वाजायची आणि स्वयंपाकघरात मायक्रोवेव्ह लावला तरी वाजायची. त्यांच्या बायकोने आजवर इतक्या वेळा दार उघडून रिकाम्या जिन्याला 'या' म्हटलं होतं की वरच्या मजल्यावरच्या काकू तिच्याकडे काळजीने बघत.

तर आईची यंत्रं. आईला ऐकू कमी येऊ लागून बरीच वर्षं झाली होती आणि यंत्र लावायला ती तेवढीच वर्षं नकार देत होती. 'मला ऐकायचं ते सगळं ऐकून झालंय,' असं म्हणायची. पण आता धाकटी येणार होती. धाकटी म्हणजे आईची पाठची बहीण, मुक्तरावांची मावशी. ती लग्न होऊन इतक्या लांब गेली होती की दोघींची गाठ वर्षानुवर्षं पडत नसे, आणि फोनवर तिचा आवाज आईपर्यंत पोचत नसे. मुळातच बारीक आवाज, त्यात वय झालेलं. फोन आला की आई आपलं सगळं एका दमात सांगून टाकायची, मग फोन सुनेच्या हातात द्यायची आणि ती काय ऐकतेय ते तिच्या चेहऱ्यावरून ओळखत बसायची. आता धाकटी रविवारी येऊन चार दिवस राहणार होती, आणि पुन्हा एवढा प्रवास तिच्या गुडघ्यांना झेपेल असं कोणालाच वाटत नव्हतं.

"एकदा तिचा आवाज नीट ऐकायचाय मला," आई म्हणाली. "आण बाबा ते मशीन."

कानांच्या केंद्रातल्या मॅडमनी आईचे कान तपासले, यंत्रं तिच्या कानांच्या मापाने लावून दिली आणि म्हणाल्या, "घरी गेल्यावर फोनवर आमचं ॲप घ्या, नोंदणी करा, 'मान्य' दाबा, की झालं." शेंगदाण्याएवढी दोन राखाडी यंत्रं. नोंदणी होईपर्यंत ती नमुन्यापुरती हळू आवाजात चालत होती. तेवढ्यानेही आईला खिडकीवरची कबुतरं ऐकू आली आणि ती दुपारभर खिडकीशी बसून होती.

आता 'मान्य' या बटणाआधी ज्या अटी असतात त्या वाचणारी माणसं जगात फार थोडी. मुक्तराव त्यांतले एक. त्यांनी चहा करून घेतला, पेन्सिल घेतली आणि अटी पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. चहा संपला, दुसरा झाला, आणि दिवेलागणीच्या सुमाराला ते ताडकन उठले.

"बघितलंस? सेवा सुधारण्यासाठी यंत्राच्या आसपासचे आवाज कंपनीकडे पाठवले जाऊ शकतात! म्हणजे आईच्या कानातून कंपनी आपलं घर ऐकणार!"

बायको औषधांच्या दुकानात फार्मासिस्ट होती. दिवसभर डॉक्टरांची अक्षरं वाचून आल्यावर तिला आणखी काही वाचून दाखवलेलं आवडत नसे.

"अहो, आपल्या घरात ऐकण्यासारखं आहे काय? बोलता ते तुम्हीच. कंपनीच कंटाळेल."

"प्रश्न तत्त्वाचा आहे."

"प्रश्न रविवारचा आहे," बायको म्हणाली.

मुक्तरावांनी 'अमान्य' दाबलं. ॲपने आभार मानले आणि यंत्रं बंद झाली. खिडकीशी बसलेल्या आईने आधी एका कानाला हात लावला, मग दुसऱ्या.

"बंद पडलं का रे?"

"तात्पुरतं!" मुक्तराव तिच्या कानाशी ओरडले. प्रोग्रामर माणसाने 'तात्पुरतं' म्हटलेली वस्तू त्याच्या निवृत्तीनंतरही जशीच्या तशी चालू असते, किंवा बंद असते, हे या धंद्यातल्या कोणालाही ठाऊक आहे. आईला ते ठाऊक नव्हतं. तिने मान हलवली.

मंगळवारी त्यांनी ऑफिसात आजारी असल्याचं कळवलं आणि शोधाशोध सुरू केली. दुपारपर्यंत त्यांना हवं ते सापडलं. जगाच्या कुठल्याशा कोपऱ्यात कोणा भल्या माणसाने नेमक्या याच जातीच्या यंत्रांसाठी एक मुक्त सॉफ्टवेअर लिहून सर्वांसाठी खुलं ठेवलं होतं. कंपनीचं काढायचं, हे घालायचं, की ना ॲप, ना अटी, ना कोणी चोरून ऐकणारं. ते पान उघडल्यावर मुक्तरावांना माहेरी आल्यासारखं वाटलं. वापरायचं कसं याबद्दल तिथे फक्त एवढंच लिहिलं होतं: 'माझ्याकडे चालतं. तुम्ही आपापल्या जबाबदारीवर बघा.' मुक्तरावांना हा प्रामाणिकपणा फार भावला. कोणती कंपनी इतकं स्वच्छ बोलते, असं त्यांनी बायकोला विचारलं. 

बुधवारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला गेला. डाव्या यंत्रात नवं सॉफ्टवेअर बिनतारी जोडणीतून तासाभरात बिनबोभाट गेलं. उजव्यात ते जात असताना, निम्म्याहून थोडं पुढे पोचलं असताना, स्वयंपाकघरात बायकोने गार झालेलं दूध मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं. दाराची बेल वाजली. मुक्तरावांनी मान वर केली, खाली केली, तोवर उजवं यंत्र जिथल्या तिथे थिजलेलं होतं.

"मायक्रोवेव्ह का लावलास?"

"दूध तापवायला."

"आत्ता? त्या लहरी हवेतल्या हवेत धडकतात! बेल त्यानेच तर वाजते!"

"म्हणजे बेल का वाजते ते तुम्हाला माहीत होतं?" बायकोने विचारलं. हा प्रश्न मुक्तरावांना त्या क्षणी अप्रस्तुत वाटला.

यंत्रं कानात घालून पाहिली. आईने डावीकडे मान वळवली की डावं यंत्र कुकरसारखी शिट्टी मारायचं. उजव्या यंत्रातून मात्र काहीच ऐकू येत नव्हतं. फक्त अधूनमधून एक बाई काहीतरी बोलायची. बहुधा बॅटरी संपत आल्याची सूचना असावी, पण ती कोणत्या भाषेत होती हे कोणालाच कळेना. आई पहिल्यांदा दचकली. मग तिने मागे वळून पाहिलं, कोणी नव्हतं. मग ती जरा सावरून बसली आणि म्हणाली, "हो, हो."

"काय म्हणते?" सुनेने खुणेने विचारलं.

"कोण जाणे. पण आवाज गोड आहे. घाईत असते जरा."

त्यानंतर बाई बोलली की आई तिला 'बरं' किंवा 'असू दे' असं काहीतरी म्हणायची. आपल्याला काही कळलं नाही तरी समोरच्याला उत्तर मिळालं पाहिजे, ही तिची जुनी रीत. मुक्तरावांना ते बघवेना.

शिट्टी ऐकून खालच्या मजल्यावरचे टेलिफोनकाका वर आले. कुकर कोणी बंद करत नाही म्हणून गॅस संपेल, ही त्यांची काळजी. काका टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते आणि जगातल्या सगळ्या बिघाडांचं मूळ ढिल्या जॉइंटमध्ये असतं, यावर त्यांची निष्ठा होती.

"जॉइंट बघितला का?"

"काका, याला वायरच नाही."

"मग तोच दोष," काका म्हणाले. "वायर नाही म्हटल्यावर जॉइंट ढिला असणारच."

पाठोपाठ वरच्या काकू आल्या. त्यांचा उपाय थापेचा होता. त्यांच्याकडचा रेडिओ मिस्टरांनी थाप मारल्याशिवाय कधी बोलला नव्हता. मुक्तराव नको नको म्हणेपर्यंत त्यांनी उजवं यंत्र तळहातावर घेऊन त्याला दोन बोटांनी टपली मारली. आतली बाई पूर्वीपेक्षा मोठ्याने बोलली.

"बघा, थोडा फरक पडला की नाही!" काकू म्हणाल्या.

गुरुवारी मुक्तरावांनी अभिमान गिळून कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. बराच वेळ संगीत ऐकल्यावर एका मुलीचा आवाज आला.

"नमस्कार सर. आपला नोंदणी क्रमांक?"

"नोंदणी केलेली नाही."

"मग आधी ॲपमधून नोंदणी करून घ्या सर."

"त्यासाठी अटी मान्य कराव्या लागतात. त्या मला मान्य नाहीत."

"हरकत नाही सर. अटींबद्दल तक्रार असेल तर ती ॲपमध्ये नोंदवता येते."

"अहो, अटी मान्य केल्याशिवाय ॲप उघडतच नाही!"

"हो सर. मी आपली आणखी काही मदत करू शकते का?"

फोन ठेवल्यावर त्यांनी त्या मुक्त सॉफ्टवेअरच्या चर्चेच्या पानावर आपली अडचण लिहिली. सविस्तर आणि नम्रपणे लिहिली. मदतीला धावून येणारी निःस्वार्थ मंडळी हेच तर मुक्त सॉफ्टवेअरचं बळ, असं त्यांनी आजवर शंभरदा सांगितलं होतं. पहिलं उत्तर आलं: 'विचारण्याआधी जुनी पानं वाचावीत.' जुनी पानं नव्हतीच. दुसऱ्या गृहस्थांनी आईच्या कानांचा उल्लेखही न करता लिहिलं, की हे सॉफ्टवेअर ज्या परवान्याखाली दिलंय ते पाहता याला 'मुक्त' म्हणणं हे अज्ञान आहे, फार तर 'खुलं' म्हणता येईल. आता या वाक्याला उत्तर द्यायचं नसतं हे मुक्तरावांना पक्कं माहीत होतं. त्यांनी दिलं. त्यावर त्या गृहस्थांनी दिलं. मग आणखी तिघे आले. दुपार गेली, संध्याकाळ झाली, आणि जेवायला बोलावलं तेव्हा मुक्तराव रागारागाने टेबलावर येऊन बसले.

"मला कंपन्यांचा हस्तक म्हणतो! मला! ज्या माणसाने तत्त्वापायी स्वतःच्या आईला बहिरं ठेवलं, त्याला!"

बायको वाढता वाढता थांबली. मुक्तरावांनाही आपण काय बोललो ते ऐकू आलं. टेबलाच्या पलीकडून आई उजव्या कानातल्या बाईला म्हणाली, "जेवून घेते हं आता."

शुक्रवारी सकाळी मात्र खुद्द त्या सॉफ्टवेअरच्या कर्त्याचा निरोप आला. मुक्तरावांनी तो आशेने उघडला. त्याने लिहिलं होतं: 'मी हे माझ्या आजोबांसाठी लिहिलं होतं. आजोबा गेले. आता माझ्याच्याने यात लक्ष घालवत नाही. इतक्या तपशिलाने आजवर कोणीच लिहिलं नव्हतं. तुम्हीच यापुढे हे काम सांभाळण्यास योग्य आहात. सगळे अधिकार तुमच्या नावे केले आहेत. शुभेच्छा.'

तक्रार घेऊन गेलेल्या माणसाला खुर्चीवर बसवून साहेब मागच्या दाराने निघून जावा, तसं झालं. मुक्तराव ऑफिसात पोचेपर्यंत त्यांच्या फोनवर निरोपांची रांग लागली होती. एका गृहस्थाच्या सासऱ्यांच्या कानात शिट्टी वाजत होती आणि ती ताबडतोब थांबवण्यात यावी अशी त्यांची आज्ञा होती. एका बाईंनी लिहिलं होतं, 'असली फुकटची सॉफ्टवेअर देऊन म्हाताऱ्या माणसांचे हाल करता, लाज वाटते का? यापेक्षा कंपनी बरी.' आणखी एकाने मात्र फार आपुलकीने विचारलं होतं, की त्याच्या आजीच्याही उजव्या कानात एक बाई बोलते, ती काय म्हणते ते तुम्हाला कळलं का?

मीटिंगमध्ये साहेब नव्या हजेरीयंत्राबद्दल बोलत होते आणि मुक्तराव टेबलाखाली लोकांची माफी मागत होते.

"मुक्तराव, लक्ष कुठाय? तब्येत बरी नाही का अजून?"

"नाही साहेब," मुक्तराव म्हणाले. हे त्या आठवड्यातलं त्यांचं सर्वात खरं वाक्य होतं.

शनिवारी बायकोने दुकानातून सुट्टी घेतली, आईला हाताला धरून रिक्षात बसवलं आणि नवऱ्याला म्हणाली, "यायचं तर या. पण तिथे भाषण करायचं नाही."

केंद्रातल्या मॅडमनी यंत्रं संगणकाला जोडली आणि पडद्याकडे बराच वेळ बघत राहिल्या.

"यात काय घातलंय हे?"

"ते मुक्त..." मुक्तरावांनी सुरुवात केली. बायकोने त्यांच्याकडे पाहिलं. "दुसरं सॉफ्टवेअर आहे," ते म्हणाले.

"आणि आमच्या अटी यांनी अमान्य केल्या?" मॅडमनी आईकडे बोट दाखवलं. "यंत्रं यांच्याच नावावर आहेत ना?"

"मी केल्या अमान्य. आईच्या वतीने."

"यांना विचारलं होतं?"

वापरणाऱ्याचा हक्क, वापरणाऱ्याची निवड, वापरणाऱ्याचं स्वातंत्र्य यांवर मुक्तराव गेली कित्येक वर्षं बोलत होते. वापरणारी बाई सोमवारपासून त्यांच्या घरात, आत्ता तर हातभर अंतरावर, मांडीवर पर्स घेऊन बसलेली होती. तिला विचारायचं त्यांच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली. खरोखरच्या लाजेने माणसाचे कान गरम होतात हे त्यांना त्या खोलीत कळलं, जिथे भिंतीभर कानांचीच चित्रं लावलेली होती.

बायकोने पावतीच्या मागे मोठ्या अक्षरात लिहिलं, 'यंत्र लावलंत की कंपनी तुमचं बोलणं ऐकेल. चालेल का?' आणि तो कागद सासूपुढे धरला. आईने चष्मा लावून तो दोनदा वाचला. मग ती हसली.

"ऐकू दे की! धाकटी किती छान सांगते गोष्टी. कोणीतरी मुद्दाम ऐकतंय म्हटल्यावर आणखी रंगून सांगेल." आणि तिने मॅडमच्या हातातला फोन घेऊन अंगठ्याने 'मान्य' दाबलं. मुक्तरावांनी दुसरीकडे बघितलं.

डावं यंत्र पूर्ववत झालं. उजवं कंपनीकडे पाठवावं लागणार होतं आणि ते दुरुस्त होईल याची हमी मॅडम देत नव्हत्या. यंत्रातलं सॉफ्टवेअर घरी बदललं गेल्यामुळे वॉरंटी संपलेली होती. तोवर वापरायला म्हणून त्यांनी एक जुनं, तपकिरी, जरा मोठं यंत्र दिलं. ते कानात बसताक्षणी आई ताठ झाली. तिने छताकडे बघितलं.

"पंख्याचा आवाज आहे का हा?"

घरी येईपर्यंत तिला खूप काही ऐकू आलं. रिक्षाचं मीटर, सुनेच्या बांगड्या, जिन्यात टेलिफोनकाकांचं खोकणं. दारात आल्यावर ती मुक्तरावांना म्हणाली, "तू पाय घासत चालतोस." जेवताना म्हणाली, "तू खाताना आवाज करतोस." मग हात धुतल्यावर जरा हळूच सुनेला विचारलं, "ती दुसरी बाई गेली का गं?"

रविवारी धाकटी आली. दारात तिने 'ताई' म्हटलं. आईने धाकटीचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "अगं, तुझा आवाज अगदी आपल्या आईसारखा झालाय." यावर दोघी रडल्या, बायको रडली, आणि मायक्रोवेव्ह चालू नसतानाही बेल वाजली, कारण खरोखरच कोणीतरी आलं होतं. वरच्या काकूंना आवाजाने उत्सुकता आवरली नव्हती. त्याही रडल्या.

चार दिवस दोघी बहिणी बोलत होत्या. सकाळी चहाला बसायच्या ते दुपारी डोळा लागेपर्यंत, आणि पुन्हा उठल्यावर. मुक्तराव आतल्या खोलीत कंपनीच्या कामाबरोबर जगभरच्या सासऱ्यांच्या, आज्यांच्या आणि मामांच्या कानांच्या तक्रारी निस्तरत होते. शिट्टीचा दोष त्यांना सापडला. तो दुरुस्त केल्यावर ज्यांची शिट्टी थांबली त्यांनी काही कळवलं नाही, आणि ज्यांची नव्याने सुरू झाली त्यांनी लगेच कळवलं. बाहेरून हसण्याचा आवाज आला की त्यांचे हात थांबत. आई इतकी हसते हे ते विसरूनच गेले होते. त्यांना आनंद झाला होता, अगदी खरा झाला होता. पण हे सगळं आपण हरल्यामुळे झालं, आपण जिंकलो असतो तर झालं नसतं, हा विचार त्यांना काही केल्या गिळता येत नव्हता.

गुरुवारी धाकटी गेली. संध्याकाळी आई एकटीच खिडकीशी बसली होती. मुक्तराव तिच्याशेजारी जाऊन बसले. ऑफिसातून आल्यावर आईजवळ बसून दिवसभराचं सगळं सांगून टाकायचं, हा त्यांचा अनेक वर्षांचा परिपाठ. घरात दुसरं कोणी त्यांचं पुरतं ऐकून घेत नसे. या गडबडीत तो परिपाठ मोडला होता. आणि आज तर आईला पहिल्यांदाच प्रत्येक शब्द ऐकू येणार होता. मुक्तरावांना भरून आलं. त्यांनी सुरुवात केली. कंपन्या कशा माणसाला त्याच्याच वस्तूत भाडेकरू करून ठेवतात, प्रिंटर पिवळ्या शाईचं निमित्त कसं करतो, घरात नुसतं वजन करायचं तर काट्यालासुद्धा आपला ईमेल का लागतो, चर्चेच्या पानावरच्या त्या गृहस्थाला परवान्याचं ओ की ठो कसं कळत नाही, फुकट काम करणाऱ्यालाच लोक शिव्या कशा देतात. आई त्यांच्याकडे बघत लक्षपूर्वक ऐकत होती. बाहेर अंधारून आलं. कुठेतरी मध्येच तिने हात वर केला.

"हेच असतं का रे रोज?"

"म्हणजे?"

"रोज संध्याकाळी माझ्यापाशी बसून सांगतोस ते. हेच असतं?"

मुक्तरावांनी विचार केला. "हो. साधारण हेच."



"मला वाटायचं," ती म्हणाली, "तुझं काहीतरी फार मोठं दुःख आहे. तोंड एवढंसं करून यायचास, हात हलवून हलवून सांगायचास. शब्द तर कळायचा नाही मला एकही. म्हटलं, पोरगा बायकोलाही सांगत नाही, मला सांगतोय, तर आपण मान हलवावी. त्याला एकटं वाटू नये. कितीदा मला झोप नाही लागली रे, याला काय झालं असेल या विचाराने."

"आई... ते प्रिंटरचं होतं."

"हो ना. ते आज कळलं."

मुक्तरावांचं कशावर मत नाही, अशी वेळ फार क्वचित येत असे. आत्ता ती आली होती. खिशात फोन थरथरला, कोणाच्या तरी आजोबांच्या कानात काहीतरी झालं होतं. त्यांनी ते वाचलं, फोन पालथा ठेवला, आणि त्यांचा चेहरा कसा झाला होता ते त्यांना दिसलं नाही, आईला दिसलं.

तिने आधी उजव्या कानातलं तपकिरी यंत्र काढलं, मग डाव्या कानातलं राखाडी. दोन्ही डबीत ठेवली आणि डबीचं झाकण लावलं. मग खुर्ची थोडी ओढून ती त्यांच्यासमोर नीट बसली आणि तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"हं," ती म्हणाली, "आता सांग."

मुक्तरावांनी पुन्हा पहिल्यापासून सांगायला घेतलं, आणि आई त्यांच्या तोंडाकडे बघत, अगदी जिथे हवी तिथे, मान हलवत राहिली.